कानपिळीचा साफा

दादा,

तू शेवटचा घरातून निघालास तेव्हा तुझ्या डोक्यावर साफा नव्हता. याचा राग मी कालपर्यंत धरून बसले होते. निखिल ऐनवेळी टोपी बाजारात धावला आणि एक पांढरी टोपी घेऊन आला. ती तुझ्या कानांवर उतरत होती. तुझं डोकं लहान, हे अख्ख्या घराला ठाऊक, मग तुझ्या पोटच्या पोराला ठाऊक नसावं? वहिनीने मागून दुमड घातली, टाचणी लावली, आणि तसाच तू गेलास. मोठमोठे खेळाडू ज्याच्या पुढ्यात येऊन गोंधळायचे तो माझा भाऊ, टाचणी लावलेली टोपी घालून.

मी निखिलला बाजूला घेतलं. "अरे, माझ्या लग्नातला साफा होता ना बाबांकडे? आंबेमोहरी रंगाचा, जरीच्या काठाचा?"

त्याने मान खाली घातली. "आत्या, तो ग्राउंडवर असतो. मुलींजवळ. मी गेलो होतो मागायला. देत नाहीयेत. रडून राहिल्या आहेत सगळ्या, पण देत नाहीयेत. बोलतात, सर का नियम है।"

नियम! ज्यांना तू बॉल अडवायला शिकवलंस त्यांनी तुझाच साफा अडवून धरला. त्या घटकेला समोर असत्या तर एकेकीच्या कानाखाली आवाज काढला असता. दिवस झाले, पाहुणे गेले, वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी जरा आटलं, पण माझ्या नाकावरचा राग काही उतरेना. शेवटी काल सकाळी रिक्षा केली आणि तुझ्या मैदानावर गेले. हो, मीच गेले. तू बोलावून बोलावून थकलास, तेव्हा गेले नाही. भांडायला मात्र गेले.

तिथे काय झालं ते सांगायलाच हे लिहितेय. पण आधी थोडं जुनं बोलू दे. तू असतास तर मध्येच म्हणाला असतास, "शाले, मुद्द्यावर ये." आता नाही म्हणू शकत. ऐकून घे.

आपल्या दोघांत एकच प्रश्न उरला होता. माझं लग्न झाल्या दिवसापासून मी तुला तो विचारत आले आणि तू हसून टाळत आलास. त्या दुपारी गच्चीवर मी तुला चुकवून गेले, की तू मला जाऊ दिलंस? बाहेरच्या कोणाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. पण माझ्यासाठी सगळं तिथेच होतं, आणि हे तुला माहीत होतं.

आपलं ग्वाल्हेर हॉकीचं गाव. गोरखीच्या शाळेच्या मैदानातला सपाट भाग हॉकीवाल्यांचा, आणि खड्ड्यांचा, सराट्यांचा कोपरा तुम्हा फुटबॉलवाल्यांचा. तिथूनही हाकललं की तू बॉल बगलेत मारून घरी यायचास आणि जिन्यातूनच ओरडायचास, "शाले, गच्चीवर चल!" तुझ्याशी खेळायला दुसरं होतं कोण? मी होते. खेळही एकच. जिन्याचं दार तुझं. मी बॉल घेऊन यायचं, तुला चुकवायचं आणि बॉल दारातून आत घालायचा. तू मला अडवायचंस. जास्त जोरात मारला तर बॉल कठड्यावरून खाली, टोपी बाजारातल्या एखाद्या दुकानदाराच्या साफ्यांच्या थप्पीवर पडायचा, आणि तो आबांच्या नावाने शंख करायचा. त्यामुळे जोर नाही, नुसती युक्ती. माझ्यासारख्या काडीपैलवानाला तेच बरं होतं.

माझ्या अंगात घोट्यापर्यंतचा परकर. बॉल पायाशी आला की परकराखाली गडप. तू किती चिडायचास! "ही चीटिंग आहे. आई, हिला सांग, बॉल दिसतच नाही." आई म्हणायची, "मग तू नको खेळू पोरींशी." एकदा तू आबांकडेही गेलास, शालूला सलवार शिवा म्हणून. आपले पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इथे आले, पण आबांचा जन्म कचेरीतल्या फायलींत गेला, आणि परकराच्या बाबतीत ते कुठल्याही सरदारापेक्षा कडक होते. परकर राहिला.

मग काय करशील? तू बघायची जागाच बदललीस. कुठल्या दिवशी ते नाही सांगता येणार, पण एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की तू पायांकडे बघत नाहीयेस. माझ्या कंबरेकडे बघतोयस. मी डावीकडे झुकल्याचं सोंग केलं, तू हललाच नाहीस. उजवीकडे गेले, तू आधीच तिथे. मी रडकुंडीला आले तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "पाय थापा मारतात, शाले. कंबर नाही मारत." तेव्हा तुला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांना जे समजावून सांगायला फळा आणि खडू लागायचा, ते तू गच्चीवर, बहिणीच्या परकरामुळे, एकट्याने शोधून काढलंस. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

त्यानंतर मला ते दार मिळालं नाही. वर्षं गेली, परकर जाऊन साडी आली, दार मिळालं नाही.

तुझी चड्डी खेळून आल्यावरही पांढरीच असायची, म्हणून आई काळजीत पडायची. शेजारच्यांची पोरं चिखलात लोळून यायची आणि तू इस्त्री केल्यासारखा. "याला खेळायला घेतात ना रे? का नुसतं उभं करतात?" असं तिने तुझ्या मास्तरांना गाठून विचारलं होतं. तू कधी खाली पडायचाच नाहीस. बाकीचे बचावपटू बॉलवर झेप घेत, घसरत, टाळ्या मिळवत. तू नुसता समोर उभा राहायचास, एक पाऊल मागे, एक बाजूला, परत मागे. "खाली पडलो की दार उघडं," म्हणायचास. दार! मैदानावर कुठलं आलंय दार? ते फक्त मला कळायचं.

मग कलकत्त्याच्या मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं. "बॉलला लाथा मारायचा पगार?" आबा म्हणाले, आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः स्टेशनवर सोडायला आले. मीही आले होते. गाडी हलली आणि तू खिडकीतून ओरडलास, "गच्चीवर प्रॅक्टिस सोडू नको!" कोणाबरोबर करणार होते रे? जिन्याच्या दाराबरोबर?

हे एक तुला तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते. तू आबांना एकदा म्हणू शकला असतास. "शालूलाही खेळू द्या." तुझं ते ऐकत होते, तुझा फोटो पेपरात आला की दुकानादुकानात दाखवत फिरत होते. तू थांबलास. समोरचा चुकेल म्हणून वाट बघत उभं राहणं मैदानावर शोभतं. आबांसमोर नव्हतं शोभलं. आबा काही चुकले नाहीत, आणि माझं लग्न ठरलं.

तेव्हा तू सुट्टी घेऊन आलास. पेपरात तुझ्याबद्दल नुकतंच लिहून आलं होतं. कोणीतरी विचारलं होतं, तुमच्या बचावाचं गुपित काय, आणि तू सांगितलं होतंस, "माझ्या बहिणीचा परकर." त्यांनी ते विनोद म्हणून छापलं. आबा लाजले. मी ते कात्रण रुखवतातल्या लाडवांच्या डब्याखाली लपवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. खाली हळदीची गडबड, बायका गात होत्या. मी जुन्या सुती साडीत गच्चीवर आले आणि तू दारात उभा होतास, पायाखाली बॉल. बॉल माझ्याकडे ढकललास. मी पदर खोचला.

मी किती तऱ्हा केल्या! एकही चालली नाही. तू तर आता देशातल्या नावाजलेल्या लोकांना अडवून आला होतास. दम लागला, बांगड्या वाजून वाजून हात दुखले. तेवढ्यात खालून आईची हाक आली. "शालू, कठड्यावरचे पापड आण गं आधी!" आणि मला वाटलं, संपलं. आता पापड आणायचे, खाली जायचं, हळद लावून घ्यायची आणि उद्या भोपाळ. मी खरंच वळले, दादा. सोंग नव्हतं. कंबर, खांदे, मन, सगळं कठड्याकडे वळलं होतं. आणि वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की तुझे गुडघे सैल झालेत. मी टाच मागे मारली, गिरकी घेतली आणि तुझ्या दुसऱ्या बाजूने गेले. तुझा पाय पुढे आला, पण अर्धाच. बॉल दारातून आत, जिन्यावरून टप्पे खात खाली, थेट हळदीच्या परातीत. मावशीच्या नव्या साडीवर पिवळी रांगोळी उठली. ती जी किंचाळली, ती टोपी बाजारापर्यंत ऐकू गेली असेल.

मी नाचत होते. वळून पाहिलं तर तू दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होतास, एक वेगळंच हसू तोंडावर. आणि त्या हसण्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. बहीण उद्या जाणार, म्हणून भावाने जाता जाता तिला जिंकू दिलं की काय? मी तिथेच विचारलं, "सोडलंस ना रे?" तू म्हणालास, "पापड आण. आई ओरडेल."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. कानपिळीची वेळ आली. नवऱ्याचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा. तू यांचा कान असा पिळलास की बिचारे अजूनही सांगतात, डावीकडून कमी ऐकू येतं. सासूबाईंनी मान म्हणून तुला साफा दिला, आंबेमोहरी, जरीच्या काठाचा. तू तो उलगडलास. सगळ्यांना वाटलं, डोक्याला बांधशील. तू सरळ माझ्यापाशी आलास आणि भर मांडवात, मुंडावळ्यांच्या वर, माझ्या डोक्याला तो साफा बांधलास. नीट, पीळ देऊन, शेमला मागे सोडून. मांडवात हशा पिकला. मावशी म्हणाली, "नवरीच्या डोक्यावर साफा! काही लाज आहे की नाही?" भटजी गोंधळून मंत्र विसरले. फोटो आहे तो माझ्याकडे. त्यात मी तुझ्याकडे अशी बघतेय की आता चावेन. मला वाटलं, जाता जाता माझी फजिती केलीस. हे आजही म्हणतात, "घरात साफा कोणाच्या डोक्यावर राहणार, ते तुझ्या भावाने मांडवातच सांगितलं होतं."

लग्नानंतर तुझा खेळ मी एकदाच डोळ्यांनी पाहिला, भोपाळला. समोरच्या संघात तो कोण एक वाऱ्यासारखा पळणारा पोरगा होता, सगळे त्यालाच बघायला आलेले. उत्तरार्धात तो एकटा बॉल घेऊन सुटला. मध्ये फक्त तू. लोक उभे राहिले, ओरडायला लागले, घूस, घूस, मार! तू घुसला नाहीस. तू मागे सरकायला लागलास. एक पाऊल, आणखी एक. त्याने डावीकडे दाखवलं, उजवीकडे दाखवलं, पाय बॉलवरून फिरवले. तू फक्त मागे. आणि तुझी नजर कुठे होती ते मला वरच्या बाकावरून दिसत होतं. हळूहळू तो पोरगा मंद झाला. कुठे जायचं तेच त्याला सुचेना. शेवटी त्याने घाबरून बॉल ढकलला आणि तो सरळ तुझ्या पायात आला. तू त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतंस.

हे म्हणाले, "याने तर काहीच केलं नाही." मी म्हटलं, "तेच तर!" आणि रडायला लागले. त्या सगळ्या गर्दीत तुझा खेळ कळणारी मी एकटी होते, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. माणूस नुसता उभा राहून दुसऱ्याच्या मनातला निश्चय काढून घेतो, हे मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

गुडघा गेला, तू ग्वाल्हेरला परतलास. लोकांना वाटलं, आता मुलगा कुठेतरी नोकरीला चिकटेल. तू शिट्टी गळ्यात घातलीस. मुलींचा संघ काढलास तेव्हा मला भोपाळला फोन केलास. "शाले, मुलींना मैदान मिळालं." मी म्हटलं, "छान," आणि फोन ठेवला. छान वाटलंही, आणि हेवाही वाटला. दोन्ही खरं. माझा खेळ आबांच्या गच्चीवरच संपला आणि या पोरी तुझ्या मैदानावर, बूट घालून.

यांच्या निवृत्तीनंतर आम्ही परत ग्वाल्हेरात, थाटीपुरला राहायला आलो, आणि तू दर रविवारी गरम बेडई, म्हणजे त्या डाळीच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी घेऊन यायला लागलास. तेव्हाही माझा प्रश्न तोच. "सोडलंस की गेले?" आणि तुझं उत्तरही ठरलेलं. "मैदानावर ये, मग सांगतो."

"इथे सांगायला काय जीभ झडते?"

"इथे नाही सांगता येत. ये ना एकदा. पोरी तुला बघायला बसल्या आहेत."

"मला काय बघायचंय? मी काय ग्वाल्हेरचा किल्ला आहे?"

तू हसायचास, बेडईचा तुकडा मोडायचास आणि विषय संपायचा. मला वाटायचं, मला तिथे ओढायची ही तुझी युक्ती आहे. आणि मी तुझ्या युक्तीत येणारी नाही, हे तुला मी लहानपणापासून दाखवत आले होते. शनिवारी तू गेलास. रविवारची बेडई राहिली.

आता कालचं.

मैदानाच्या फाटकात उतरले तेव्हा रिक्षावाल्यावरही डाफरले. आत पाहिलं तर सराव चालू. शिट्टी नाही, ओरडणं नाही, सांगणारं कोणी नाही. मुली आपल्या आपण करत होत्या. आणि मधोमध चार मुली एका ओळीत, चौघींच्या कंबरेला एकच कापड बांधलेलं. पहिलीपासून शेवटचीपर्यंत, मध्ये झोळ देऊन. मी रंग ओळखला नाही, उन्हाने आणि धुण्याने तो पार उडालाय. काठ ओळखला. जागोजागी रफू केलेला, पण तोच जरीचा काठ.

माझ्या लग्नातला साफा, आणि पोरींनी त्याची दोरी केली होती! मी तरातरा आत निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबले.

समोरून एक मुलगी बॉल घेऊन आली. चौघी हलल्या. एक सरकली तर चौघी सरकल्या, एक थबकली तर चौघी थबकल्या. साफा ना ताणला, ना जमिनीला टेकला. बॉलवाली डावीकडे झुकली, पाय नाचवले. एकीचीही नजर तिच्या पायांवर नव्हती. चौघी तिच्या कंबरेकडे बघत होत्या. एक पाऊल मागे, एक बाजूला, परत मागे. चौघींच्याही चड्ड्या पांढऱ्या स्वच्छ. दादा, चार मुली होत्या आणि चौघीही तू होतास. मी तिथेच एका दगडावर बसले.

त्यांच्यातल्या मोठ्या मुलीने मला पाहिलं आणि तुझ्यासारख्या तोंडवळ्यावरून ओळखलंही. मुस्कान नाव तिचं, संघाची कप्तान. कंबरेची गाठ सोडून धावत आली, वाकून पाया पडली. "बुआजी, आप नाराज हैं ना हमसे?"

"नाराज?" मी म्हटलं. "तुमच्या सरांना टाचणी लावलेल्या टोपीत जायला लावलंत तुम्ही. समझती हो?"

तिचे डोळे भरले, पण मागे हटली नाही. शिकवलेलीच तशी. "समझते हैं, बुआजी। पर सर का नियम था। ये साफा उसी के सिर पे बंधेगा जो बॉल ले के सर को सच में काट के निकल जाए। खैरात में नहीं। हमने पूछा था, सर, आप खुद क्यों नहीं बांधते? बोले, मैं क्या अपने आप को काट के निकला हूं?"

"मग कितीजणींना बांधला आजवर?"

"किसी को नहीं। हम सब सालों से कोशिश में थे। घुटना खराब था उनका, फिर भी कोई नहीं निकल पाया। छोटी बच्चियों को भी नहीं जाने देते थे। एक बार ये पिंकी का बर्थडे था, रोने लगी, कि सर, आज तो जाने दो। तब भी नहीं। बोले, जाने देना बेइज़्ज़ती होती है।"

मी विचारलं, "कधीच कोणाला नाही?"

मुस्कान जरा हसली. "एक बार बांधा था, ऐसा बोलते थे। किसी दुल्हन के सिर पे। हम समझते थे, सर मज़ाक कर रहे हैं। दुल्हन को साफा कौन बांधता है?"

मैदानावर ऊन पसरलं होतं. तिकडे पोरी बॉल घेऊन थांबल्या होत्या. मला काही दिसेना. भर मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मावशीच्या शिव्या खात तू मला उत्तर दिलं होतंस. दुसऱ्याच दिवशी. आणि मी मूर्ख, फोटोत तुला चावायला निघालेय. मग जन्मभर तेच विचारत राहिले आणि तू तुझ्या स्वभावाप्रमाणे वाट बघत राहिलास, की ही कधीतरी मैदानावर येईल आणि तिचं तिला कळेल. किती थांबायचं रे एखाद्याने!

"वो दुल्हन बहुत गुस्से में थी," मी म्हटलं.

मुस्कानने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला. मग मैदानाकडे वळून अशी ओरडली की सगळ्या धावत आल्या. "बुआजी हैं वो! दुल्हन बुआजी हैं!" मला सगळीकडून हात लागत होते, कोणी रडत होतं, कोणी हसत होतं. पिंकी म्हणाली, "बुआजी, परकर वाली बात भी सच्ची है क्या?" मी म्हटलं, "सच्ची है।"

त्यांनी तो साफा माझ्या डोक्याला बांधायला आणला. मी नको म्हटलं. एकदा मिळालाय मला, मांडवात, तुझ्या हातून. कापड चौघींच्या कंबरेलाच राहू दे, तिथे ते जास्त कामाचं आहे. निखिलला मी संध्याकाळी सांगितलं, मुलींचं बरोबर होतं, टोपी बरोबर होती. तो म्हणाला, "आत्या, तू आजारी तर नाहीस ना?"

पण निघायच्या आधी एक झालं. कोणीतरी बॉल माझ्या पायाशी ढकलला. "बुआजी, एक बार।" मी म्हटलं, गुडघे दुखतात. कोणी हटेना. मग मी चपला काढल्या, पदर खोचला. समोर चौघी, मध्ये साफा. मी बॉल घेऊन निघाले. डावीकडे झुकले. त्या हलल्या नाहीत. उजवीकडे गेले, त्या आधीच तिथे. मग मी सगळं सोडून फाटकाकडे वळले, घरी जायला, खरंच वळले, आणि वळता वळता टाच मागे मारली.

मुस्कानचा पाय आला. पुरा आला. बॉल माझ्या पायातून गेला आणि मी हात पसरून कशीबशी उभी राहिले.

म्हातारी आहे म्हणून कोणी पाय मागे घेतला नाही, दादा. भाऊ गेलाय हिचा, म्हणूनसुद्धा नाही. तुझ्या पोरींनी मला जाऊ दिलं नाही.

म्हणजे तूही दिलं नव्हतंस. मी गेले होते.